ताटातील सत्य आणि मुलांचे अवधान

दुधी उकडून वरणात घोटावा, लाल भोपळा टोमॅटोच्या सारात वाटून घालावा, फ्लॉवर बटाटेवड्याच्या सारणात चुरून मिसळावा, बिटाचा कीस चॉकलेटच्या केकच्या रंगाखाली दडवावा. आणि मुलाने घास तोंडात घोळवीत ‘यात काय आहे?’ असे विचारलेच, तर ‘काही नाही, नेहमीचेच आहे’ असे सांगून वेळ मारून न्यावी. आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून ही युक्ती चालते. ती सांगताना मातांच्या बोलण्यात थोडा अभिमान असतो, थोडे हसू असते, आणि क्वचित अगदी तळाशी थोडा संकोचही असतो. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलाच्या अंगी लागावे, रक्त वाढावे, आणि विशेषेकरून अभ्यासात त्याचे चित्त स्थिर व्हावे, एवढीच इच्छा. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा आला की पहिली झडती मुलाच्या ताटाची होते, आणि ती व्हावी हे योग्यच आहे.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या युक्तीच्या नीतीचा. प्रश्न दिसावयास भाजीच्या फोडीएवढा लहान आहे. ‘पोटात गेले म्हणजे झाले, त्यात सत्य-असत्याचा काथ्याकूट कशाला?’ असे कोणी म्हणेल. परंतु देवळात पुजारी तळहातावर जे ठेवतो ते आपण निरखून न पाहता मुखात घालतो, कारण देणाऱ्याविषयी आपल्या मनात प्रश्नच नसतो. मूल आईच्या हातचा घास घेते तेही असेच. विश्वास जेथे इतका निःशंक असतो, तेथे त्याचा उपयोग कशासाठी करावा आणि कशासाठी करू नये, हा विचार क्षुल्लक मानता येत नाही.

अन्नाचा आणि चित्ताचा संबंध आपल्या परंपरेला नवा नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतू याला मन हे अन्नमय आहे असे सांगतो. मुलाला ते उमगत नाही. तेव्हा बाप त्याला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास लावतो. पाणी मात्र हवे तेवढे प्यावे. त्यानंतर तो मुलाला ऋचा, यजू आणि सामे म्हणावयास सांगतो. बारा वर्षे गुरुगृही घालविलेल्या त्या तरुणाला काहीच आठवत नाही. मग ‘जा, जेवून ये’ असे बाप म्हणतो. आणि जेवून आल्यावर विचारावे ते त्याला आठवू लागते. आहार आणि स्मरण यांच्या नात्याचा हा प्रयोग मुलाच्या देहावरच झाला, पण तो मुलाला सांगून, त्याच्या संमतीने आणि त्याला कळावे म्हणून झाला, हे येथे नोंदवून ठेवू. या पितापुत्रांकडे आपणांस पुन्हा वळावे लागेल.

आधुनिक विज्ञान या बाबतीत काय म्हणते ते थोडक्यात सांगतो, कारण भाजीविषयीच्या अपेक्षा अलीकडे फारच फुगल्या आहेत. दुपारी पालक खाल्ला आणि संध्याकाळी गणिते सुटू लागली, असे होत नाही. शरीरात लोह कमी पडले तर मूल थकते, त्याचे लक्ष उडते, शिकणे मंदावते. आणि ती उणीव भरून काढल्यास पुष्कळ अंशी सुधारणा होते, एवढे निश्चित. आपल्या देशात ही उणीव काल्पनिक नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी शेकडा ६७ बालके रक्तक्षयी आढळली, आणि या रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण लोहाची उणीव हेच आहे. तथापि पालेभाजीतील लोहाचा अल्पसा अंशच शरीर शोषून घेते. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर तो अंश वाढतो, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटतो. तेव्हा पालक लपविण्यासाठी जी बुद्धी खर्च होते, तिच्यातील थोडी लिंबाची फोड पिळण्याकडे वळविली तरी बरेच साधेल. आणि ज्या मुलाच्या रक्तात उणीव नाहीच, त्याला दडवून घातलेल्या बिटाने अधिक एकाग्र करता येईल, असे म्हणण्यास आधार नाही.

असे असले तरी लपविणाऱ्यांचा पक्ष दुबळा आहे असे समजू नये. त्यांच्या बाजूला प्रत्यक्ष चरकाचार्य उभे आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा. क्षयाने झिजलेल्या रोग्याला मांसरस देण्याचे विधान तेथे आहे, आणि जे मांस ऐकताच किळस यावी ते दुसऱ्याच्या नावाने द्यावे असे स्पष्ट सांगितले आहे. कावळ्याचे मांस तित्तिराचे म्हणून, सापाचे माशाचे म्हणून. कारणही दिले आहे: खरे कळले तर रोगी खाणार नाही, आणि खाल्ले तरी ओकून टाकील. आमच्यापैकी अनेकांना हा उतारा वाचून मळमळेल. पण वैद्याची तळमळ त्यात स्वच्छ दिसते. मनुष्य मरत आहे, त्याला वाचविणारे अन्न समोर आहे, आणि मध्ये आडवे येते आहे ते केवळ एक नाव.

पाश्चात्त्यांकडेही हाच विचार जुना आहे. प्लेटोने असत्याला औषधाची उपमा दिली आणि ते जाणत्याच्याच हाती असावे असे म्हटले. सिज्विकने १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिग्रंथात, लहान मुले आणि रोगी यांच्याशी त्यांच्या हितासाठी केलेली फसवणूक सामान्य लोकमत क्षम्य मानते, याची दखल घेतली. आपल्या इकडे महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने सांगितलेली कौशिकाची कथा आहेच. सत्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने लुटारूंना लपलेल्या माणसांची वाट खरी सांगितली आणि तो अधोगतीला गेला. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्याच्या अशा अपवादांचा खल मोठ्या धैर्याने केला आहे. तेव्हा ‘असत्य म्हणजे पाप, विषय संपला’ असे म्हणून आईला दोषी ठरविणे हे धर्मशास्त्राच्या अज्ञानाचेच लक्षण होईल.

शिवाय युक्ती सफल होते. २००७ साली अमेरिकेत मुलांच्या जेवणात भाज्या दडविण्याच्या कृती सांगणारी दोन पाकपुस्तके निघाली आणि त्यांची बरीच चर्चा झाली. पुढे २०११ साली पेनसिल्व्हानियातील संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ४० मुलांवर प्रयोग केला. नेहमीच्या पदार्थांत वाटलेल्या भाज्यांचे प्रमाण तिपटीने आणि चौपटीने वाढविले. मुलांना फरक जाणवून त्यांनी पदार्थ दूर लोटले असे झाले नाही; चौपट प्रमाण असलेल्या दिवशी त्यांच्या पोटात सुमारे ७३ ग्रॅम भाजी अधिक गेली. आपल्याकडे शाळांतील पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ५० ग्रॅम भाजी मिळावी अशी अपेक्षा आहे. त्याहून हा वाढावाच मोठा.

मग आक्षेप राहतो कोठे?

तो मला महात्माजींच्या आत्मकथेतील दोन प्रसंगांत सापडतो. पहिला मुंबईचा. त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल दहा वर्षांचा असताना विषमज्वराने आणि न्यूमोनियाने पडला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्याचा सल्ला दिला. बाप शाकाहारी. मुलाला काही न सांगता ‘नाही’ म्हणणे त्यांना सोपे होते. काही न सांगता रस्सा पाजणेही सोपे होते. त्यांनी दहा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांचे म्हणणे सांगितले आणि त्याचे मत विचारले. मुलाने अंडी व रस्सा नाकारला आणि बापाचे जलोपचार पत्करले. आपण दिला असता तर मुलाने रस्सा घेतलाही असता, याची जाणीव आपणांस होती, असे गांधीजी प्रांजलपणे लिहितात. मुलाचा ‘नकार’ कितपत स्वतंत्र होता यावर वाद करता येईल, आणि ज्वरात तडफडणाऱ्या मुलावर निर्णयाचा भार टाकणे मला स्वतःला रुचत नाही. पण त्याला माहीत असले पाहिजे, एवढे बापाने मानले.

दुसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेचा. कस्तुरबांवर डरबन येथे शस्त्रक्रिया झाली होती आणि गांधीजी जोहान्सबर्गला होते. डॉक्टरांनी दूरध्वनीवरून गोमांसाचा रस देण्याची परवानगी मागितली. गांधीजींनी ती दिली नाही. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेल तर तिलाच विचारावे असे म्हटले. ते डरबनला पोहोचले तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की, दूरध्वनी केला त्यापूर्वीच रस पाजून झाला होता. गांधीजींनी याला दगा म्हटले. डॉक्टरांचे उत्तर असे की, रुग्ण वाचत असेल तर त्याला वा त्याच्या आप्तांना फसविण्यात आम्ही पुण्यच मानतो. डॉक्टर वाईट नव्हते; ते मित्र होते. चरकाच्या वैद्याचेच तर्कशास्त्र ते बोलत होते. कस्तुरबांना विचारले गेले तेव्हा त्यांनी त्याहून मरण पत्करले, आणि त्या क्षीण अवस्थेत, पाऊस असताना, त्यांना तेथून हलवावे लागले.

वाचकांपैकी कोणीही या डॉक्टरांची बाजू घेईल असे मला वाटत नाही. परंतु आपला राग कशाचा आहे ते तपासून पाहू. गोमांसाचा आहे हे उघड. पण तेवढाच आहे काय? आज एकादशी आहे असे समजा, आणि आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत एखाद्या हितचिंतकाने, हृदयाला हितकर म्हणून, ओटचे पीठ मिसळले. पदार्थ शुद्ध, शाकाहारी, वैद्यकाला मान्य. आपल्याला बाधा काही झाली नाही. तरीही कळल्यावर आपण त्या घरी पुन्हा उपवासाचे खाणार नाही. इजा काही झालेली नसताना राग येतो, याचा अर्थ अन्याय इजेत नव्हता. माझ्या मुखात काय जावे याविषयी मला जे विचारावयास हवे होते, ते विचारले गेले नाही, हा तो अन्याय.

आता कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे, की मुलाचे ‘मला दुधी नको’ हे काही एकादशीचे व्रत नव्हे. व्रत हा विचारपूर्वक धरलेला नियम. मुलाचा हट्ट ही क्षणाची लहर. मान्य. म्हणूनच मुलाने नको म्हटलेली भाजी शिजवू नये असे कोणी म्हणत नाही. काय शिजवावे, केव्हा वाढावे, हा आईचा अधिकार; त्यातले किती खावे हा मुलाचा. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पालक आणि मूल यांच्यात अशीच विभागणी सुचविली आहे, आणि आपल्या जुन्या घरांतील पंगतीची रीतही फारशी निराळी नव्हती. भाजी वाटावी की चिरावी, वरणात घालावी की पोळीत, हे सारे स्वयंपाकाच्या अधिकारात येते. ‘यात काय आहे?’ या प्रश्नाचे खोटे उत्तर देणे मात्र त्या अधिकारात बसत नाही. सारा वाद या एका प्रश्नाभोवती आहे, आणि तो प्रश्न मूल विचारील की नाही हे आपल्या हाती नसते.

कोंकणीत यासाठी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत: लिपोवप आणि फटोवप. लिपोवप म्हणजे लपविणे, फटोवप म्हणजे फसविणे. वस्तू दृष्टीआड करणे वेगळे आणि माणसाला चकविणे वेगळे. आपल्या पाककलेत लिपोवप भरपूर आहे. लाल भोपळा गुळात शिजवून कणकेत असा मुरवितात की त्याचा मागमूस राहत नाही. पण पदार्थाचे नाव भोपळ्याचे घारगे. काकडी किसून रव्यात आणि गुळात भाजतात. मुले तो गोड तुकडा मागून घेतात, आणि त्याचे नाव तवसळी, म्हणजे ज्या तवश्याचा तो झाला त्याचीच ओळख सांगणारे. दुधीचा हलवा, कोथिंबिरीची वडी, अळूची वडी, बडोद्याच्या मराठी घरांनी शेजाऱ्यांकडून उचललेले दुधीचे मुठिये: सर्वत्र भाजीचे रूप गेले आहे आणि नाव राहिले आहे. आमच्या आज्यांना पोषणशास्त्र ठाऊक नव्हते असे म्हणतात. असेल. पण भाजी मुरविण्यासाठी तिचे नाव पुसावे लागते असे त्यांना कधी वाटले नाही. खतखत्यात कोणत्या भाज्या पडल्या याची मोजदाद तर मोठ्या हौसेने सांगितली जाते. कमी पडली तर यजमानीण खंत करते. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या श्रमाचे काही चालत नाही, ही गोष्ट पानावर बसलेल्या मुलाला दरवर्षी कोणीतरी सांगतेच. गोकुळाष्टमीला दक्षिण कोकणात शेगलाची भाजी होते, म्हणजे शेवग्याचा पाला, ज्याची भुकटी आज डब्यांतून परदेशी नावाने विकतात. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात: नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, चिबूड, कवंडळे, रानातील फळे आणि कंद. तिच्यातले पुष्कळसे खाण्याजोगे नसतेही. पण घरातील मूल मान वर करून एकेकाचे नाव विचारते आणि कोणीतरी सांगते. निसर्गाची देणगी देवाच्या डोक्यावर उघड टांगणारा समाज ती मुलाच्या केकमध्ये दडवू लागतो, तेव्हा मध्ये काय तुटले याचा शोध घ्यावासा वाटतो.

माझ्या मते जे तुटले ते अवधान. आणि येथेच या युक्तीतील खरी विसंगती आहे. असत्याचे पाप ही त्यापुढे दुय्यम बाब.

लपविलेली भाजी पचण्यासाठी एक अट असते: मुलाचे लक्ष घासाकडे नसावे. लक्ष असेल तर त्याला चव लागेल, धागा लागेल, रंग दिसेल, आणि युक्ती फसेल. म्हणून या युक्तीच्या सोबतीला बहुधा दूरध्वनीचा पडदा येतो. पडद्यावर चित्रे नाचत असतात, डोळे तिकडे खिळलेले असतात, तोंड आपोआप उघडते आणि घास आत जातो. आई समाधानाने म्हणते, सगळे संपविले. संपविले खरे; पण जेवले कोण? ज्या मुलाने शाळेत एकाग्र व्हावे म्हणून हा उपद्व्याप, त्याला दिवसातून तीन वेळा, त्याच्या आयुष्यातील सर्वांत प्राथमिक कर्म करताना, लक्ष न देण्याची सवय आपण लावीत आहोत. चरकानेच, ज्याचा दाखला लपविणाऱ्यांना मिळाला, त्याच चरकाने विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात जेवणाचे नियम सांगताना, फार बडबड न करता, न हसता, चित्त अन्नावर ठेवून जेवावे असे सांगितले आहे. मरणोन्मुख रोग्यासाठी सांगितलेला अपवाद आपण घरातील सुदृढ मुलाला लावला आणि निरोगी माणसाला सांगितलेला नियम सोडून दिला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात तेही अवधानच. ते मागितल्याने मिळते ते मोठ्यांकडून. लहानपणी ते कोठेतरी लागावे लागते, आणि ते लागण्याची पहिली जागा ताट हीच आहे. जिभेवर आंबट काय, तुरट काय, हे ओळखणे हा मुलाचा पहिला अभ्यास होय.

आता उद्दालकाकडे पुन्हा जाऊ. त्याच सहाव्या अध्यायात पुढे तो श्वेतकेतूला मीठ पाण्यात टाकावयास सांगतो आणि सकाळी ते परत मागतो. मीठ दिसत नाही. विरघळून गेले आहे. मग बाप म्हणतो, वरून चाखून पाहा, मधून चाख, तळातून चाख. प्रत्येक वेळी उत्तर एकच: खारट. जे दिसत नाही ते आहे, हे मुलाला जिभेने कळते. अन्नात अदृश्य होईल अशा रीतीने पदार्थ मिसळणे एवढेच पाहिले, तर उद्दालकाने तेच केले जे आजची आई करते. अंतर आहे ते पुढच्या वाक्यात. तो म्हणतो, चाखून सांग. आई म्हणते, काही नाही, गीळ. एकाने लपविले ते सापडावे म्हणून. दुसरीने लपविले ते सापडू नये म्हणून.

यावर लगेच व्यवहाराचा आक्षेप येईल आणि तो मी टाळू इच्छीत नाही. दिवसभर कचेरीत राबून आलेली स्त्री, रात्री साडेआठ वाजता, उपनिषदातील प्रयोग कसा करणार? मुलाला नवी भाजी एकदा चाखवून भागत नाही. लीअन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांवरील प्रयोगातून दाखविले की, अपरिचित पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला, तितकी त्याची आवड वाढते. आणि पुढील संशोधनाप्रमाणे ही संख्या अनेकदा आठ, दहा, कधी पंधरापर्यंत जाते. पंधरा वेळा भाजी शिजवावी, चौदा वेळा ती ताटात तशीच राहावी, हे सहन करण्यास वेळ, पैसा आणि संयम तिन्ही लागतात, आणि ज्या घरात तिन्हींची टंचाई आहे त्या घराला उपदेश करणे सोपे असते. बापाने एखादे दिवशी पोळपाट हाती घेतला तर हा प्रश्न निम्मा होईल, हे जाता जाता म्हणून ठेवतो. दोनपासून सहा वर्षांपर्यंत मूल नव्या पदार्थाला बिचकते हे वयाचेच लक्षण आहे. तेवढ्या काळात भाजी पोटात जावी म्हणून ती वाटून मिसळण्यात मला काही गैर दिसत नाही. तान्ह्या बाळाला तर प्रश्नच नाही. उलट २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ज्युली मेनेला यांच्या प्रयोगात, गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना ज्या मातांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज अधिक सहजपणे स्वीकारली. अभिमन्यूची कथा ऐकून वाढलेल्या आपणांस याचे नवल वाटू नये.

म्हणजे मिसळा, पण विचारल्यावर सांगा. हे शक्य आहे याचा पुरावा आपल्या मिठातच आहे. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडावर आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आज देशातील बहुतेक घरांत ते मीठ पोहोचले आहे. गर्भातील आणि बालपणीच्या मेंदूच्या वाढीसाठी आयोडीन अत्यावश्यक. तेव्हा मुलांच्या बुद्धीसाठी अन्नात न दिसणारा पदार्थ मिसळण्याचा आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रयोग तो हाच. चव बदलली नाही, रंग बदलला नाही. पण पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले असते, आणि अनेक पुड्यांवर हसऱ्या सूर्याचे चिन्हही असते. कोट्यवधी लोकांच्या जेवणात शासनाने जे नाव छापून घातले, ते एका मुलाच्या वरणात आईला नाव सांगून घालता येणार नाही काय?

नाव सांगितले तर मूल खाणार नाही, ही भीती खरी आहे, पण कायमची खरी नाही. काही वेळा ते ताट सारील. तथापि मला अधिक भय वाटते ते दुसऱ्या शक्यतेचे. आठनऊ वर्षांच्या मुलाला एखाद्या दिवशी, बहुधा आईच मैत्रिणीला फुशारकीने सांगत असताना, कळते की आपल्याला आवडणाऱ्या वड्यात गेली चार वर्षे फ्लॉवर होता. मोठी माणसे हसतात. मूलही हसते. पण पुढच्या जेवणाला ते वडा फोडून पाहते. त्या फोडून पाहण्याला अवधान म्हणता येणार नाही. ती पाळत आहे. त्याने आपले लक्ष घासावर आणले ते चवीसाठी आणले नाही, संशयासाठी आणले. भाजीचेही यात नुकसानच झाले: ती लपवावी लागते म्हणजे ती वाईट असलीच पाहिजे, हा निष्कर्ष मूल आपल्या आधी काढते.

याच कारणासाठी, ज्या मुलांच्या बाबतीत लपविण्याचा मोह सर्वांत मोठा, त्यांच्याच बाबतीत तो सर्वांत धोक्याचा ठरतो. काही मुलांना स्पर्शाची, वासाची, पोताची जाणीव इतकी तीव्र असते की चारपाच पदार्थांपलीकडे ती काही खाऊच शकत नाहीत. स्वमग्न मुलांपैकी अनेकांची ही स्थिती असते. यात हट्ट नसतो, लाडही नसतात. अशा मुलाच्या मोजक्या विश्वासू पदार्थांपैकी एक म्हणजे आईच्या हातचा साधा दहीभात. त्यात कोणी वाटलेला दुधी मिसळला आणि मुलाच्या जिभेने तो टिपला, तर ते दुधी सोडीत नाही, दहीभात सोडते. चारांचे तीन पदार्थ उरतात. म्हणून अशा मुलांच्या पालकांना जाणते लोक सावध करतात की, ओळखीच्या पदार्थाला हात लावू नये. नवी वस्तू वेगळ्या वाटीत, थोडीशी, नाव सांगून ठेवावी; मुलाने ती नुसती हुंगली तरी तेवढ्यावर त्या दिवशी थांबावे. असे वाटीचे जेवण महिनोन्‌महिने चालते. रोज सायंकाळी तीच वाटी मांडायची, तीच उचलायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला चमचाभर दुधी पुन्हा दुधी म्हणूनच समोर ठेवायचा.